कॅन्सर कशाने होतो आणि उपचारांनंतर काय मागे राहतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंत आरोग्य शिबिरांत, ओपीडीबाहेरच्या बाकांवर आणि चवथीला घरी जमलेल्या नातेवाइकांत जे प्रश्न हटकून निघतात, ते इथे घेतले आहेत. संशोधन काय सांगतं एवढंच इथे मिळेल. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

आमच्या आजोबांनी जन्मभर विड्या ओढल्या आणि नव्वदीत झोपेत गेले. मग तंबाखूने कॅन्सर होतो असं कसं म्हणता?

आजोबांबद्दल तुम्ही सांगता ते खरंच असणार. ब्रिटनमधल्या पुरुषांचा हिशेब असा आहे: सिगारेट न सोडणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १६ जण पंचाहत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात. उरलेले ८४ त्या कॅन्सरने जात नाहीत. कधीच न ओढणाऱ्यांत मात्र हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग कोणाला, कुठे, किती आणि का होतो याचा हिशेब मांडणारं शास्त्र, १६ आणि एकामधला हा फरक पकडतं. तो फरक एका घरात, एका वाड्यावर दिसत नाही. हजारो माणसं मोजली तरच दिसतो.

हाच प्रश्न उलट बाजूनेही येतो. "माझ्या बहिणीने कधी कसलं व्यसन केलं नाही, मग तिलाच का?" एका माणसाला कॅन्सर नेमका कशामुळे झाला, हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही. तरीही सांत्वनाला आलेली माणसं कारणं शोधत बसतात: उपास फार करायची, मायक्रोवेव्ह वापरायची, सासूने जाच केला. आजाऱ्याच्या उशाशी बसून असली चौकशी करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

माणसांना मुद्दाम तंबाखू देऊन प्रयोग करता येत नाही. मग कारण ठरवतात कसं?

मुख्य वाटा दोन. पहिली मागे वळून बघण्याची. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० हॉस्पिटलांत फुप्फुसाचा कॅन्सर झालेले रुग्ण आणि तेवढेच दुसऱ्या आजारांचे रुग्ण घेऊन त्यांच्या सवयी विचारल्या. सुरुवातीला त्यांचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यावरच्या डांबरावर होता. १९५० साली निष्कर्ष छापले तेव्हा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ निघाले, दुसऱ्या गटातल्या ६४९ मध्ये २७. डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली.

या पद्धतीची खोट उघड आहे. आजारी माणूस आपला भूतकाळ चाळून चाळून बघतो, धडधाकट माणूस विचारल्याला 'नाही आठवत' म्हणून मोकळा होतो. म्हणून दुसरी वाट: आधी सवयी नोंदवायच्या आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. १९५१ मध्ये याच दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना प्रश्नावल्या पाठवल्या. डॉक्टरच का? त्यांची नावं सरकारी नोंदवहीत असतात, पन्नास वर्षांनीही माणूस सापडतो. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा २००१ पर्यंत चालला. ओढत राहणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटतं. साठीला सोडलं तर त्यातली सुमारे ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीला ६, चाळिशीला ९, तिशीला जवळजवळ सगळी. 'आता या वयात सोडून काय उपयोग' म्हणणाऱ्याला मी हेच चार आकडे सांगतो.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा आपल्याकडचा समज. मुंबईत सुमारे दीड लाख लोकांचा असाच पाठपुरावा झाला. त्यात विडी ओढणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण सिगारेटवाल्यांपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त आढळलं.

मशेरी तर दातांना लावायची. तिचा कॅन्सरशी काय संबंध?

ती तंबाखूच आहे. तंबाखूचं पान तव्यावर काळं पडेपर्यंत भाजायचं, हातानं चुरायचं, डबीत भरून ठेवायचं. सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवरून फिरवायची आणि परसातली दोन कामं उरकेपर्यंत थुंकायचं नाही. म्हणजे भाजलेली तंबाखू गालाच्या आतल्या नाजूक त्वचेला रोज पंधरा-वीस मिनिटं लागून राहते. नंतर दुपारी एकदा, मग भांडी घासल्यावर एकदा. बिनधुराची तंबाखू तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर करते, यावर आता वाद नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गोव्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ९.७ टक्के निघालं, देशात सर्वात कमी. त्रिपुरात ते ६४.५ टक्के होतं. ही बातमी चांगलीच आहे. पण घरोघर विचारणाऱ्यांना माहीत असतं: "मावशी, तंबाखू खाता?" "छे, नाही बाबा." "मशेरी लावता?" "ती होय, ती लावते की." म्हणून नीट आखलेल्या प्रश्नावलीत विडी, गुटखा, मशेरी, तपकीर असं एकेकाचं नाव घेऊन विचारतात. प्रश्न ढिसाळ असला की पुढची सगळी गणितं ढिसाळ होतात.

नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो का? आमचं कुळागरच सुपारीचं आहे.

होतो. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने, म्हणजे फ्रान्समधल्या लियों शहरातल्या आयएआरसीने, तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे पक्कं ठरलेल्या गोष्टींत, टाकलं आहे. सुपारीने गालाच्या आतली त्वचा घट्ट, पांढरट होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या फटीत जातात का बघा. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवा. फोंडा-सत्तरीतल्या बागायतदारांना हे कडू लागतं, आणि पोटापाण्याचा प्रश्न असताना ते लागणारच. पण माल कोणाच्या घरचा आहे यावर त्याचा गुण बदलत नाही.

पहिला गट म्हणजे सगळ्यात घातक असंच ना?

नाही, आणि वर्तमानपत्रांत सर्वात जास्त घोळ इथेच होतो. आयएआरसीचे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. तंबाखू, दारू, ॲस्बेस्टॉस, डिझेलचा धूर आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेलं मांस, सगळे पहिल्याच गटात. म्हणून ते एकाच मापाचे घातक ठरत नाहीत.

चोरीसचंच, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजचंच, उदाहरण घेऊ. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. बातमीत '१८ टक्के' येतं आणि लोकांना वाटतं शंभरातल्या अठराजणांना होणार. समजा एखाद्या समाजात हा कॅन्सर आयुष्यात हजारातल्या १० जणांना होत असेल, तर रोज खाणाऱ्यांत तो हजारातल्या सुमारे १२ जणांना होईल. कुठलाही टक्का ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: कशाच्या तुलनेत, आणि मुळात किती? महिन्यातून एकदा चोरीस-पाव खाणाऱ्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. रोज खाणाऱ्याने कमी करावं.

घरची फेणी शुद्ध असते. तिने काही होत नाही ना?

शुद्धतेचा इथे काही संबंध नाही. काजूची फेणी असो, हुर्राक असो वा परदेशी व्हिस्की, नुकसान करतं ते त्यातलं अल्कोहोल. शरीरात त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांत स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध पक्का झाला आहे. १९८८ पासून ती पहिल्या गटात आहे.

संशोधकांपुढची अडचण अशी की पिणारे बरेचजण ओढतातही. मग दोष कोणाचा? त्यासाठी न ओढणारे पण पिणारे वेगळे काढून मोजावे लागतात. तसं मोजल्यावरही दारूचा वाटा राहिला. आणि दोन्ही व्यसनं एकत्र आली की तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ वर जातो. सर्दीला छातीवर फेणी चोळणाऱ्यांनी घाबरू नये, हे सगळं पिण्याबद्दल चाललं आहे.

२०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन सापडल्याचं गाजलं. तेव्हा मासे खाल्लेल्यांना कॅन्सर होईल का?

त्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारापासून विधानसभेपर्यंत दुसरा विषय नव्हता, परराज्यांतल्या मासळीवर काही काळ बंदीही आली. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड. ते पहिल्या गटात आहे हे खरं. पण हा पुरावा आला कुठून ते बघा: कारखान्यांत आणि मृतदेह जतन करण्याच्या कामात वर्षानुवर्षं त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांतून. त्यांच्यात नाकामागच्या घशाचा कॅन्सर आणि एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर वाढलेला दिसला. खाण्यातून पोटात गेलेल्या फॉर्माल्डिहाइडबद्दल एवढा पक्का पुरावा नाही. शिवाय माशात ते नैसर्गिकरीत्याही थोडं तयार होतं, म्हणून नुसतं 'सापडलं' म्हणून भागत नाही, किती सापडलं ते लागतं.

याचा अर्थ मासळीत फॉर्मेलिन घातलं तर चालेल असा नाही. अन्नात ते घालायला कायद्याने बंदी आहे आणि असावीच. पण दोन-चार महिने तशी मासळी पोटात गेली असेल म्हणून कॅन्सरच्या भीतीने तपासण्या करत सुटू नका.

सुक्या मासळीचंही जाता जाता. 'खारवलेला मासा पहिल्या गटात' हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. तो दक्षिण चीनमध्ये विशिष्ट पद्धतीने खारवलेला मासा, जो तिथे अगदी लहान मुलांनाही भरवत. तो निष्कर्ष उचलून आपल्या सुक्या बांगड्यावर चिकटवता येत नाही.

खाणपट्ट्यात राहिलो, लाल धूळ खाल्ली. आमचं काय?

डिचोली, सांगे, धारबांदोड्यात हा प्रश्न रागानेच विचारला जातो, आणि राग रास्त आहे. ट्रकांच्या रांगा, झाडांच्या पानांवर बसलेला लाल थर, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला लागणं हे ज्यांनी काढलं त्यांना 'पुरावा कुठे' विचारणं उर्मटपणाचं वाटतं. तरी पुराव्याचं बोलायलाच हवं.

आयएआरसीच्या पहिल्या गटात हेमॅटाइट या लोहखनिजाच्या खाणकामाची नोंद आहे, पण ती जमिनीखालच्या खाणींची. बोगद्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो आणि कामगाराच्या फुप्फुसात जातो, हे तिथलं मोठं कारण मानतात. गोव्यातल्या खाणी उघड्या, तिथे रेडॉन तसा साठत नाही. म्हणजे युरोपातल्या त्या कामगारांचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

दोन गोष्टी मात्र आपल्यालाही लागू आहेत. स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ आणि डिझेलचा धूर, दोन्ही पहिल्या गटातले. ज्यांनी ड्रिलिंग केलं, क्रशरवर काम केलं, वर्षानुवर्षं मशिनरी चालवली, त्यांचा धोका रस्त्याकडेला राहणाऱ्यांपेक्षा वेगळा मोजायला हवा. रोजंदारीवरच्या माणसाने कोणत्या खाणीवर किती वर्षं काय काम केलं, हे कागदावर कुठे आहे? कामगारांची नावं, कामाचा प्रकार आणि वर्षं हाताशी असतील तरच वीस-तीस वर्षांनी हिशेब लागतो. कॅन्सर व्हायला तेवढा काळ जातो, आणि २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर माणसं पांगली. माझ्या मते त्या पट्ट्यातल्या जुन्या हजेरीपटांचं आणि पगारपत्रकांचं मोल आज कोणालाच कळलेलं नाही. रद्दीत जाण्याआधी ती कोणीतरी जपायला हवीत.

आमच्या वाड्यावर पाच वर्षांत सहाजणांना कॅन्सर झाला. पाण्यात काहीतरी आहे ना?

असेलही. पण आधी चार गोष्टी विचारतात. सहाही एकाच प्रकारचे कॅन्सर आहेत का? (स्तन, तोंड, आतडं, रक्त असे वेगवेगळे असतील तर एकच कारण असण्याची शक्यता कमी.) वयं काय आहेत? ही माणसं तिथे किती वर्षं राहिली? आणि तेवढ्या वस्तीत, त्या वयोगटात एरवी किती झाले असते?

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. नुसत्या योगायोगानेही त्यातल्या काहींत सरासरीपेक्षा खूप जास्त रुग्ण दिसणार आणि काहींत एकही नाही. एकही नसलेल्या गावातून कोणी तक्रार घेऊन येत नाही. तरीही दुर्मीळ प्रकारचा कॅन्सर, लहान मुलं किंवा एकाच कामावरची माणसं असं काही दिसलं तर आरोग्य केंद्राला लेखी कळवा. गाजलेली कितीतरी कारणं आधी अशीच कोणाच्या तरी नजरेला आली. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाला धुराडी साफ करणाऱ्या पोरांमध्ये पुढे एकाच जागी कॅन्सर होतोय हे दिसलं ते असंच.

गोव्यात कॅन्सर वाढलाय की आता कळायला लागलाय?

दोन्ही, आणि तिसरं कारण वय. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात ८.६ टक्के, गोव्यात ११.२ टक्के, पुढे फक्त केरळ. कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा आजार, तेव्हा म्हातारी माणसं जास्त तिथे रुग्ण जास्त. म्हणून दोन ठिकाणांची तुलना वयाचा फरक काढून टाकूनच करतात. तसं केल्यावरही फरक राहतात: २०१२ ते २०१६ च्या नोंदींत मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांमधलं प्रमाण लाखाला २६९.४, तर धाराशिव-बीडमध्ये ३९.५. एवढी तफावत नुसत्या नशिबाची नसते.

मोजायचं काम कॅन्सर नोंदणी करते. देशातली पहिली मुंबईत, १९६३ पासून. ग्रामीण भागातली पहिली १९८७ ची, बार्शीला. नोंद रुग्ण राहतो त्या गावाच्या नावावर पडते, हॉस्पिटलच्या नाही. आपल्याला हे फार महत्त्वाचं, कारण आपला एक रुग्ण बांबोळीला, दुसरा परळला टाटात, तिसरा बेळगावला, चौथा मणिपालला जातो. फॉर्मवर मुंबईच्या भाच्याचा पत्ता लिहिला की तो रुग्ण गोव्याच्या हिशेबातून गेलाच. पत्ता आपला, कायमचा लिहा.

मोबाइलचा टॉवर?

मोबाइल आणि टॉवर, दोन्हींतून निघणाऱ्या रेडिओलहरींना आयएआरसीने २०११ मध्ये '२ब' गटात टाकलं, म्हणजे 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा'. त्यानंतर ब्रिटनमधल्या लाखो बायकांच्या पाठपुराव्यात मोबाइल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. टॉवरविरोधात मोर्चा काढणाऱ्या गावात उघड्यावर जळणाऱ्या प्लास्टिकबद्दल कोणी बोलत नाही, याचं मला नवल वाटतं.

आईला होता, मला होणारच का?

होणारच असं नाही. थेट वारशाने आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कॅन्सर ५ ते १० टक्के. आई, मावशी, बहीण अशा दोघी-तिघींना किंवा कोणाला अगदी तरुणपणी झाला असेल तर जनुक सल्लागाराला जरूर भेटा.

त्रास काही नसताना तपासणी कशाला?

याचं एक उत्तर आपल्याच शेजारून आलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर एक अभ्यास झाला. एका गटाला गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा मिळाली. २००९ साली निष्कर्ष आले: त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर. जगभरच्या धोरणांत आज या अभ्यासाचा दाखला दिला जातो, आणि त्यात भाग घेतलेल्या बायका सोयाबीन-ज्वारीच्या शेतात राबणाऱ्या होत्या.

तोंडाच्या कॅन्सरचं काम तिरुवनंतपुरमचं. तिथे प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन तोंड तपासत. तंबाखू-दारू घेणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. लागतं काय, तर एक टॉर्च आणि बघायचं कसं हे शिकलेला माणूस.

उपचार संपले, रिपोर्ट चांगले. आता पुन्हा कशाला डॉक्टर?

उपचारांचे काही परिणाम दहा, वीस, तीस वर्षांनी वर येतात म्हणून. हे कळलं तेही पाठपुराव्यानेच. अमेरिकेत १९९४ पासून लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या हजारो मुलांचा मागोवा घेत आहेत, तुलनेला त्यांचीच सख्खी भावंडं. २००६ चा निष्कर्ष असा की निदानानंतर ३० वर्षांत ७३ टक्के जणांना कुठला तरी जुनाट आजार लागला, ४२ टक्क्यांना गंभीर. ही सगळी १९७० ते १९८६ मधल्या उपचारांची मुलं. त्यांच्यामुळेच आजच्या मुलांचे उपचार सौम्य झाले. रक्ताच्या कॅन्सरमध्ये डोक्याला सरसकट देत ती रेडिएशन आता बहुतेक मुलांना देत नाहीत. मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१ पासून आहे.

कोणत्या उपचाराने पुढे काय होऊ शकतं?

सगळ्यांना सगळं होत नाही. नेहमीचे तेवढे सांगतो.

मान-जबड्याला रेडिएशन झालं असेल तर लाळ कमी होते, दात किडतात, जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. दहा वर्षांनी दाढ काढायला गेलात तरी दंतवैद्याला आधी 'इथे रेडिएशन झालं आहे' हे सांगा. न सांगता काढलेल्या दाढेची जखम कधी कधी भरत नाही, हाड उघडं पडतं. थायरॉइडही मंदावतं, म्हणून सहा महिन्यांनी-वर्षाने रक्ततपासणी. थकवा आणि वजन वाढणं हे 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका.

लाल केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि त्याची भावंडं, हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतात आणि एकूण मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त. डाव्या स्तनाच्या रेडिएशनचं तसंच. स्वीडन-डेन्मार्कमधल्या अभ्यासात हृदयाला लागलेल्या दर एका ग्रेमागे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढताना दिसला. आता श्वास रोखून धरायला लावतात, हृदय किरणांपासून दूर राहावं म्हणून. पुढे दम लागला तर हृदयाच्या डॉक्टरांना जुना उपचार सांगा, आणि रक्तदाब, साखर, तंबाखू यांचा बंदोबस्त इतरांपेक्षा जास्त कसोशीने करा.

सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकू कमी येणं, कानात शिट्टी वाजणं, हातापायांना मुंग्या, मूत्रपिंडावर ताण. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजणं. 'त्या हाताने काहीच करू नका' हा सल्ला मागे पडला आहे. शिकवल्याप्रमाणे हळूहळू वजन उचलल्याने सूज वाढत नाही असं चाचण्यांत दिसलं.

लग्न व्हायचं असलेल्या तरुण रुग्णाने अपत्याचा प्रश्न केमो सुरू व्हायच्या आधी विचारायचा. वीर्य किंवा स्त्रीबीज साठवता येतं, पण आधी. आईबाप संकोचतात, म्हणून डॉक्टरांनी विषय काढायची वाट बघू नका.

उपचारांनीच दुसरा कॅन्सर होतो म्हणतात. मग उपचार न घेतलेले बरे?

नाही. धोका आहे, पण तो तोलून बघा. रेडिएशनने कॅन्सरचा धोका किती वाढतो हे आपण मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांच्या पाठपुराव्यातून शिकलो. मात्र अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात नंतर झालेल्या दुसऱ्या कॅन्सरांपैकी रेडिएशनच्या खात्यावर टाकता येतील असे सुमारे ८ टक्केच निघाले. बाकीच्यांमागे वय, तंबाखू, जनुकं. म्हणजे रेडिएशन घेऊन आल्यावर मशेरीची डबी पुन्हा उघडणं हे रेडिएशनपेक्षा जास्त काळजीचं.

अपवाद ठरलेले आहेत. लहानपणी किंवा तरुणपणी छातीला रेडिएशन झालेल्या मुलींना स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. त्यांची तपासणी पंचविशीला किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हा सुरू करतात.

टॅमॉक्सिफेनची गोष्ट गमतीची. ते पहिल्या गटातही आहे, कारण त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो, मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांत. आणि तेच औषध पाच वर्षं घेतलं तर योग्य रुग्णांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा.

कोणते कागद ठेवायचे?

बिलं नव्हे, जी लोक हमखास जपतात. पॅथॉलॉजीचा अहवाल, ऑपरेशनची नोंद, केमोच्या औषधांची नावं आणि एकूण मात्रा, रेडिएशन कुठे, किती ग्रे, किती दिवस, आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड. गुळगुळीत कागदावरची छपाई दोन पावसाळ्यांत उडते आणि हाती कोरा चिटोरा राहतो. त्याची झेरॉक्स लगेच काढा, फोटो काढून मुलांच्या फोनवरही टाका. रेडिएशनचा सारांश विसरून येऊ नका, तो मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही. एका ठिकाणी ऑपरेशन, दुसऱ्या ठिकाणी केमो झालेल्यांनी दोन्हीकडचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत.

संशोधनासाठी फोन आला किंवा कोणी घरी आलं तर सांगू का माहिती?

आधी त्यांनी सांगायचं, मग तुम्ही. कोणत्या संस्थेकडून आलात, ओळखपत्र, नैतिकता समितीची मंजुरी, संमतीपत्र तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठी किंवा कोकणी मागा, तो तुमचा हक्क आहे. नाही म्हणता येतं, मध्येच सोडताही येतं, त्याने उपचार अडत नाहीत. ओटीपी, बँकेचा नंबर किंवा पैसे मागितले तर ते संशोधन नाही, फोन ठेवा.

भाग घेतला तर मला काय फायदा?

बहुधा काहीच नाही. कधी एखादी तपासणी फुकट होते. दहा वर्षांनी कोणी पुन्हा फोन करून 'कशा आहात, काही नवीन त्रास?' विचारेल, तेव्हा नंबर बदललेला असेल तर तुमची नोंद तिथेच तुटते. म्हणून भाग घेणारच असाल तर जवळच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबरही लिहून द्या.